खात्री आणि पुरावा

आमच्या सिल्वासात दोन भाषा एकाच ओट्यावर बसून बोलतात. घरात मराठी, दुकानात गुजराती, कारखान्याच्या फाटकावर हिंदी आणि बाजारच्या दिवशी वारली नि धोडिया. दमणगंगेच्या काठी नोकरी करणाऱ्या शिक्षकाला आपण कुठला शब्द कोणत्या भाषेतून उचलला हे संध्याकाळपर्यंत आठवत नाही. पण दोन शब्द असे आहेत की त्यांच्यासाठी भाषा बदलावी लागत नाही. मराठीतला पुरावा गुजरातीत ‘पुरावो’ होतो आणि आपली खात्री तिकडे ‘खातरी’ होते. एक काना किंवा मात्रा इकडेतिकडे, एवढाच फरक. हे दोन्ही शब्द मी आयुष्यभर वापरले. त्यांचे अर्थ मात्र एक नव्हेत, हे कळायला मला पंचावन्नावे वर्ष ओलांडावे लागले, आणि ते शिकवले माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने.

गेल्या पावसाळ्यात तो जाडजूड पुस्तकांची पिशवी घेऊन घरी आला. पिपरियाच्या बाजूला धाग्याच्या एका कारखान्यात तो संगणक विभाग सांभाळतो. “सर, परीक्षा द्यायची म्हणतो,” तो म्हणाला, “पण इंग्रजी अडतं. शनिवारी तासभर बसाल का?” परीक्षा होती संगणकीय गुन्ह्यांच्या शास्त्रीय तपासणीची. दीडशे प्रश्न आणि चार तास. उत्तीर्ण झाले की संगणक किंवा मोबाइल यांतून पुरावा कसा काढावा, कसा जपावा आणि न्यायालयापुढे कसा मांडावा हे जाणणारा माणूस म्हणून प्रमाणपत्र मिळते. मी इतिहासाचा एम.ए. हॅश आणि हार्ड डिस्क यांच्याशी माझा संबंध काय? पण विद्यार्थी इंग्रजी मागायला आला की मास्तराला नाही म्हणवत नाही. आमच्या शनिवारच्या बैठका सुरू झाल्या.

मला वाटले होते, हे शास्त्र म्हणजे कुलुपे उघडण्याची विद्या असेल. पण पुस्तकाची पहिली काही प्रकरणे वाचली आणि चकितच झालो. ही विद्या मुख्यतः स्वतःचे हात आवरण्याची आहे. जप्त केलेले यंत्र तपासनिसाने नुसते सुरू केले तरी आतल्या कितीतरी नोंदी बदलतात, म्हणून मूळ वस्तूला हात लावायचा नाही. मध्ये राइट ब्लॉकर नावाचे उपकरण बसवायचे. ते वाचू देते, लिहू देत नाही. मग तंतोतंत प्रत काढायची आणि काम त्या प्रतीवर करायचे. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती, किती वाजता आणि कशासाठी गेली याची अखंड नोंद ठेवायची. आणि शेवटी अहवालात जेवढे दिसले तेवढेच लिहायचे. ‘या खात्यावरून ही फाईल तयार झाली’ असे लिहिता येते. ‘अमक्याने तयार केली’ असे लिहिता येत नाही, कारण खाते म्हणजे माणूस नव्हे.

प्रत मुळाबरहुकूम आहे हे कसे ठरवायचे? त्यासाठी हॅश. संपूर्ण मजकुरावर एक ठरावीक गणिती क्रिया करून अंक-अक्षरांची एक ओळ काढतात. प्रचलित पद्धतींपैकी एकीत ती चौसष्ट चिन्हांची असते. मजकूर तोच तर ओळ तीच. मजकुरात एखादा स्वल्पविराम जरी बदलला तरी सारी ओळ पालटते. बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी १८९७ मध्ये आपल्याच देशात, कलकत्त्यात निघाली. हा जणू मजकुराच्या बोटाचा ठसा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रातच हा हॅश नोंदवायला सांगितला आहे.

हे वाचताना मला साहजिकच ‘ध’ चा ‘मा’ आठवला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ कोणी केले, याचे उत्तर महाराष्ट्रातले शेंबडे पोरही देईल. मी विद्यार्थ्याला म्हटले, “तेव्हा तुझा हॅश असता तर आनंदीबाई तिथल्या तिथे पकडल्या गेल्या असत्या.”

तो हसला नाही. म्हणाला, “नाही सर. हॅशने एवढंच कळलं असतं की अक्षर बदललं. कोणी बदललं ते कळलं नसतं.”

मी गप्प झालो. रामशास्त्र्यांच्या चौकशीने राघोबादादांना दोषी ठरवले हे इतिहासात आहे. अक्षर बदलल्याची गोष्ट ही आख्यायिका आहे. आणि त्या आख्यायिकेच्या भरवशावर एक बाई अडीचशे वर्षे आपल्या म्हणीत उभी आहे. मी स्वतः वर्गात ती गोष्ट किती रंगवून सांगत आलो! मला त्याची खात्री होती. पुरावा मी कधी मागितलाच नव्हता.

आमच्या या भूमीचा इतिहास तरी काय सांगतो? १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांच्या आधारे हा मुलूख आपल्या मालकीचा असल्याचे पोर्तुगालचे म्हणणे होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. न्यायालयाने त्या मराठी सनदांतले शब्द बारकाईने तपासले आणि म्हटले, यात सार्वभौम सत्ता दिलेली नाही. दिलेला आहे तो जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगीजांची इथली सत्ता प्रत्यक्षात मान्य केली आणि पुढे भारतानेही ती मूकपणे मानली, असे न्यायालयाने धरले. राष्ट्राचे मौन ही संमती ठरू शकते. राष्ट्रांना तोंड असते, वकील असतात, बोलायला शतके मिळतात. माणसाच्या मौनाचे, त्यातही लहान माणसाच्या मौनाचे काय? हा प्रश्न माझ्यापुढे लवकरच येणार होता.

एका शनिवारी आम्ही वेळेच्या नोंदींचे प्रकरण घेतले. फाईल कधी तयार झाली, कधी बदलली, कधी उघडली, याच्या वेळा यंत्र टिपून ठेवते. मी म्हणालो, “हे सोपं झालं. माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलणार नाही.”

“यंत्र खोटं बोलत नाही सर, पण त्याला जे सांगितलं तेच ते सांगतं. म्हणून तपासनिसाने आधी यंत्राचं घड्याळ आणि खरी वेळ यांत किती फरक आहे ते लिहून ठेवायचं. आतली बॅटरी गेली असेल तर घड्याळाचा भरवसा नसतो. आपल्या शाळेतल्या यंत्रांचं आठवतं ना?”

आठवत होते. आणि एकदम सगळेच आठवले.

गोष्ट २०११ ची. मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. एका शिक्षिकेविषयी अत्यंत घाणेरडा मजकूर छापून कोणीतरी सूचनाफलकावर चिकटवला. त्या बाई रजा टाकून घरी बसल्या आणि गावात चर्चा झाली. मी संगणक-कक्षातली यंत्रे तपासायला लावली. सात नंबरच्या यंत्रात ती फाईल सापडली. वेळ होती गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटे. कक्षाची नोंदवही काढली. गुरुवारच्या त्या तासाला सात नंबरवर नववीतला एक मुलगा बसला होता. वारली कुटुंबातला, खानवेलच्या बाजूच्या पाड्यावरून येणारा, वर्गात फारसे न बोलणारा. दोन आणि दोन चार झाले. मी त्याला खोलीत बोलावले. तो मान खाली घालून उभा राहिला. अपराध्याचीच मान खाली जाते, असे मी त्या वेळी मानत होतो. वडिलांना बोलावले. ते हात जोडून उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. पंधरा दिवस शाळेत पाठवू नका, असे मी सांगितले. मुलगा सोळाव्या दिवशी आला नाही आणि पुढेही आला नाही. यथावकाश पटावरून नाव कमी झाले. शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिले: ‘गैरवर्तन. सतत गैरहजर.’

त्या यंत्रांच्या बॅटऱ्या संपलेल्या होत्या. वीज गेली की घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेला जाई. मग कक्षाचे मदतनीस अंदाजाने वार आणि वेळ घालत, कधी घालायचे विसरतही. हे मला माहीत होते. विद्युत घटाच्या खर्चाचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. पण त्या गुरुवारी मला त्याची आठवण झाली नाही, कारण आठवण होण्याची गरजच मला वाटली नाही.

“तू त्याच वर्गात होतास ना?” मी विद्यार्थ्याला विचारले.

“हो सर. तेव्हाच आम्ही पोरं म्हणत होतो, ते घड्याळ चुकीचं असतं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

तो थोडा थांबला. “सर, आम्हांला कोणी विचारलं नव्हतं. आणि त्यालाही नव्हतं विचारलं. मी बाहेर उभा होतो. तुम्ही त्याला म्हणालात, ‘का लिहिलंस?’ ‘लिहिलंस का?’ असं नाही विचारलंत.”

शब्द दोन्हीकडे तेच दोन. फक्त जागा बदलली की प्रश्नाचा निवाडा होतो. आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला की नाही हे कोणाला ठाऊक? मी मात्र केला होता.

येथे कोणी सुज्ञ वाचक म्हणेल, शाळा म्हणजे न्यायालय नव्हे. प्रत्येक खोडीला साक्षी-पुरावे मागत बसलो तर घंटा कधी द्यायची? हा आक्षेप खरा आहे, आणि मी कित्येक वर्षे त्याच्याच आड उभा होतो. लहान शिक्षेला थोडा पुरावा पुरेल, हे मान्य. पण शिक्षा लहान की मोठी हे देणाऱ्याने ठरवायचे की घेणाऱ्याच्या घरावरून? माझ्या मुलाला पंधरा दिवस घरी बसवले असते तर मी त्याचा अभ्यास घेतला असता. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी नववीपर्यंत पोचले होते, त्या घराने पंधरा दिवसांचा अर्थ ‘पुरे झाले’ असा घेतला. एकच शिक्षा दोन घरांत दोन वेगळ्या वजनांची होते. ते वजन पाहूनच पुराव्याचे माप ठरवायला हवे होते.

आणि माझ्या बाबतीत अडचण पुराव्याच्या कमतरतेची नव्हतीच. अडचण अशी की मला खात्री फार लवकर झाली. खात्री ही मनाची अवस्था आहे. ती भूक किंवा झोप यांसारखी येते आणि आली की शोध थांबतो. पुरावा ही जगातली वस्तू आहे. ती दुसऱ्याच्या हाती देता येते, त्याला तपासता येते, चूक निघाली तर दाखवता येते. कागदावर आपण संशय तरी घेतो, पडद्यावर वेळ दिसली की घेत नाही. बरे, सात नंबरवर तोच बसला होता असे धरले, तरी फाईल त्यानेच लिहिली हे कशावरून? हा साधा प्रश्न परीक्षेच्या पुस्तकातला आहे. मुख्याध्यापकाला तो सुचला नाही.

याच मुद्द्यावर एक मराठी खटला विद्यार्थ्याच्या पुस्तकात भेटला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातले उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाले की नंतर, असा वाद होता. म्हणजे भांडण घड्याळाचेच! निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. पण कायद्याने असे चित्रीकरण ज्याच्या ताब्यातल्या यंत्राचे आहे त्याचे प्रमाणपत्र हवे, आणि वारंवार मागूनही ते मिळाले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० ला निकाल झाला. न्यायालयाने दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. प्रमाणपत्र बंधनकारकच आहे, त्यात सूट नाही. पण ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले आणि तरीही ते देणे ज्यांच्या हाती होते त्यांनी दिले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्याची अपेक्षा करणार नाही. उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला.

मला या निकालातली नीती मोठी वाटते. काटेकोरपणा हवा, पण तो बलवानाला दुर्बळाविरुद्ध वापरता येईल असा नको. शाळेतली सारी कागदपत्रे माझ्या ताब्यात. नोंदवही माझी, यंत्र माझे, घड्याळ माझे. त्या चौदा वर्षांच्या मुलाने आपण निर्दोष आहोत याचे प्रमाणपत्र आणायचे तरी कोठून?

या विद्येला दुसरी एक बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. विद्यार्थी असा अभ्यास करतो आहे हे कळल्यावर त्याच्या चाळीत लोकांची रीघ लागली. कोणाला होणाऱ्या जावयाचा मोबाइल पाहून हवा, कोणाला भागीदाराचा. “फक्त बघून सांग ना, कुणाला कळतंय!” तो हात जोडतो. पाहता येते म्हणून पाहण्याचा अधिकार येत नाही, हे त्याच्या अभ्यासक्रमात आहे. आणि खासगी जीवन हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितले आहे. परीक्षेतले दीडशे प्रश्न कसे पाहावे ते विचारतील. केव्हा पाहू नये याची परीक्षा चाळीत रोज होते.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी विद्यार्थी मला त्याच्या मोटारसायकलवरून खानवेलकडे घेऊन गेला. तो मुलगा, आता अठ्ठावीस वर्षांचा गृहस्थ, टेम्पो चालवतो. अंगणात खाट टाकली, चहा आला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी जो प्रश्न चौदा वर्षांपूर्वी विचारायचा होता तो विचारला. “ते तू लिहिलं होतंस का?”

“नाही सर.”

एवढेच. रागही नाही, तक्रारही नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पुन्हा पुराव्याशिवायच, हे मला कळत होते. पण दोषी ठरवायला पुरावा लागतो, माणसाच्या शब्दाला मान द्यायला लागत नाही. मी म्हणालो, “माझी चूक झाली. मी तपास केला नव्हता.” तो खाली पाहत राहिला. या वेळी मी त्या मौनाचा काही अर्थ लावला नाही.

निघताना त्याने एकच विचारले. “सर, माझा दाखला मिळेल का? मोठी गाडी चालवायच्या नोकरीला कागद मागतात. मी कधी आलो नाही मागायला.”

दुसऱ्या दिवशी जनरल रजिस्टर काढले. माझेच अक्षर: ‘गैरवर्तन.’ पहिला विचार आला, खोडून टाकावे. कोण विचारणार? मग शनिवारचे धडे आठवले. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. मी आज अक्षर खोडले तर चूक झाकली जाईल, माझी. त्याच्यावर अन्याय झाला होता, याचा एकमेव पुरावा तोच शब्द आहे. म्हणून वरिष्ठ कार्यालयाची रीतसर परवानगी मागितली आणि ती आल्यावर जुनी नोंद वाचता येईल अशीच ठेवून शेजारी लिहिले: ‘वरील शेरा पुरेशा पुराव्याशिवाय लिहिला गेला होता. तो रद्द समजावा.’ खाली सही आणि तारीख. दाखल्यात वर्तणुकीपुढे ‘चांगली’ असे लिहिले. नऊ वर्षांच्या पटावर त्याच्याविरुद्ध दुसरी एकही नोंद नव्हती, म्हणजे या शब्दाला मात्र पुरावा होता.

यामुळे त्याची दहावी परत येणार नाही. त्या शिक्षिकेला त्रास देणारा कोण, हेही आता कधी कळणार नाही, आणि माझ्या घाईने त्यांच्यावरही अन्यायच केला. खरा शोध मीच बंद पाडला होता.

दिवाळीनंतर माझा विद्यार्थी परीक्षेला बसेल. तो उत्तीर्ण व्हावा ही इच्छा आहेच. मी मात्र माझ्यापुरता एक नियम केला आहे, आणि तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला आहे. कोणी मुलगा माझ्यासमोर उभा केला गेला की पहिला प्रश्न ‘का’ ने सुरू करायचा नाही. ‘का’ शेवटी ठेवायचा, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.